आत्याच्या हातचा कापूस

आमच्या वच्छलाआत्याला लोक घाबरत. तसं घाबरण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. ठेंगणी, सावळी, कानात बारीक फुल्या, हसली की एक दात पुढे. पण नागपुरात तिच्या वस्तीत ती समोरून आली की भली भली माणसं छातीवर हात नेत आणि मग उगाच सदऱ्याचं बटण चाचपल्यासारखं करत. शेजारच्या शोभाताई तिला बारशाला आग्रहाने बोलावत, पण बाळ काही तिच्या मांडीवर देत नसत. आत्याला हे दिसत नसे असं नाही. "मी का मरीआईचा गाडा घेऊन फिरतो काय वं?" असं ती मला हसत विचारायची.

याला कारण तिचं काम. एका धर्मादाय दवाखान्यात ती कार्डिओग्राम काढायची. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या कोणाशी माझं भांडण नाही. भांडण होतं ते आत्याशी, आणि ते मी बरीच वर्षं चालवलं.

आमचे आजी-आजोबा लवकर गेले. माझे बाबा रुपराव आणि त्यांची ही लहान बहीण, एवढंच घर उरलं. छप्पन साली दीक्षेला बाबा तिला नरखेडकडच्या आमच्या गावाहून नागपूरला घेऊन गेले आणि परत एकटेच आले. तिला एका ओळखीच्या घरी शाळेसाठी ठेवून आले होते. "बुद्धाले शरण गेलो ना आपन? मंग चुलीले कायले शरण जातं?" असं तिला म्हणाले म्हणे. स्वतः मात्र दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत मोटरपंपावर राबत राहिले. आत्या मॅट्रिक झाली, दवाखान्यात आया म्हणून लागली. सहासष्टच्या सुमाराला तिथे हृदयाची पट्टी काढणारं मशीन आलं तेव्हा ते शिकायला कोणी पुढे येईना. विजेच्या तारा जिवंत माणसाला बांधायच्या म्हणजे काय थट्टा आहे! आत्या पुढे झाली. लग्न तिने केलं नाही. तारा जोडल्याशिवाय कोणाच्या हृदयाशी संबंध ठेवायचा नाही असं तिचं ठरलं असावं, अशी आम्ही तिची चेष्टा करायचो.

तिच्या त्या खोलीत मी पुष्कळदा बसले आहे. पेशंटच्या मनगटांना आणि घोट्यांना ती पट्ट्या बांधायची, आत थंडगार जेली. मग रबरी फुग्याची एक वाटी छातीवर इथून तिथे चिकटवत न्यायची, आणि मशीनचा गरम काटा मेणकट कागदावर रेघ ओढत जायचा. खोलीत विझलेल्या मेणबत्तीसारखा वास असे. सगळ्यात आधी कागदावर एक चौकोनी खूण उमटवायची असते. ती पाहिजे तेवढी उंच आली नाही तर पुढची सगळी पट्टी खोटी. मशीनची एक तार नळाला बांधलेली. माणूस बोलला, कुडकुडला, भीतीने त्याने मुठी आवळल्या, की रेघेला केस फुटायचे. म्हणून आत्या आधी माणसाला शांत करायची. बायांना "बांगड्या काढा", "पोत काढा" असं ती कधीच म्हणाली नाही. नवरा जिवंत असताना दवाखान्यात बांगडी उतरवायची म्हटलं की बाईच्या छातीत तिथेच धडधडायला लागे. ती बांगड्या कोपराकडे सारून वर चिंधी बांधायची, पोत पाठीमागे सोडायची आणि विचारायची, "कोन्या गावच्या तुमी? विहिरीले पाणी हाय का औंदा?"

सगळं करायचं, फक्त सांगायचं नाही. पट्टीवर नाव आणि वेळ घालून ती डॉक्टरांच्या हातात द्यायची. पट्टी वाईट दिसली तर पेशंटला हलू द्यायचं नाही आणि कोणाच्या हाती न पाठवता आपण धावायचं. "तुमच्या तोंडून एक शब्द जायला नको," असं मोठ्या डॉक्टरांनी तिला सुरुवातीलाच बजावलं होतं. तिने तोंड असं बंद केलं की चांगल्या पट्टीला हसणंही सोडून दिलं.

उन्हाळ्यात एक आणखी गोष्ट असे. कूलर चालू असला की त्याच्या मोटरीने रेघ थरथरायची, म्हणून आत्या तो बंद करायची. नागपूरचा मे महिना, आणि व्हरांड्याला लागून असलेला तो घरघरणारा कूलर एकदम गप्प. बाकावरची माणसं बोलता बोलता थांबत. आत कोणीतरी तारांमध्ये पडलेलं आहे हे सगळ्यांना कळे. कूलर पुन्हा सुरू होईपर्यंत कोणी पान थुंकायलाही उठत नसे. मला ती शांतता कधी सोसली नाही. आजही कुठे चालता कूलर बंद झाला की मी बोलता बोलता थांबते.

आता कापसाचं सांगते. पट्टी काढून झाली की छातीवरची जेली पुसायची असते. पट्टी ठीक असली की आत्या कापसाचा बोळा पेशंटच्या हातात द्यायची: पुसा आणि उठा. पट्टी वाईट असली तर त्याने हातसुद्धा उचलू नये, म्हणून ती स्वतः पुसायची. यात तिने काही विचार केला नव्हता, कामाची रीतच ती होती. पण लोकांचे डोळे काय कमी असतात का! डॉक्टर मोघम बोलणार, नर्स वर बघणार, आत्या तर मुकीच. तेव्हा लोकांनी कापूस धरला. हातात कापूस आला की सुटलो. बाईने स्वतः पुसलं की घरच्यांना बोलवा. हळूहळू हे खाप्यापासून नरखेडपर्यंत पसरलं. एस.टी.त लोक एकमेकांना विचारत, "कापूस हाती देल्ला काय गा?"

आत्याला हे कळलं ते नत्थूजींमुळे. नत्थूजी वस्तीतले शिंपी, जगाची टिंगल करणारा माणूस. छातीत दुखतं म्हणून आले, तारा बांधून घेताना आत्याशी थट्टा करत होते. काटा फिरला. आत्याने कापूस उचलला आणि स्वतः त्यांच्या छातीवर टेकवला. नत्थूजींचा चेहरा पिठासारखा झाला. "वच्छलाबाई, द्या ना माया हाती. माया हाती द्या!" ते कापूस ओढायला लागले, उठून बसले, तारा ताणल्या, मशीन टेबलावरून खाली आलं. डॉक्टर येईपर्यंत नत्थूजी संपले होते. डॉक्टर म्हणाले, हा झटकाच मोठा होता, तुम्ही काय करणार. आत्याने ते ऐकून घेतलं, पण तिला पटलं नाही. नत्थूजी आजाराने गेले नाहीत, माझा हात बघून गेले, असं ती त्यानंतर कित्येकदा म्हणाली.

त्यानंतरच्या मे महिन्यात, अठ्ठ्याहत्तर साली, ती बुद्धपौर्णिमेला गावाकडे आली. मी तेव्हा आमच्याच भागात शाळेत शिकवत होते, सुट्टी होती म्हणून मीही माहेरी होते. बाबा मोटर सुरू करायला म्हणून विहिरीवर गेले आणि तिथल्या बांधावर, धुऱ्यावर बसले. नुसते बसले. घामाने सदरा पाठीला चिकटलेला आणि डावा हात दुसऱ्याच कोणाचा असावा तसा मांडीवर पडलेला. आत्या लांबून बघत होती. तिने तिथेच सांगितलं, उद्या माझ्यासोबत नागपूरला चलायचं.

बाबा काही केल्या तयार होईनात. "तुया हाताखाली पडलो म्हंजे झालंच माझं. मले नाई यायचं."

"दादा, येतं, का मी इथंच ओक्साबोक्शी रडू?"

आत्याचं रडणं बाबांना बापजन्मात सहन होत नसे. ते आले. मी सोबत गेले. आई घरी राहिली, निघताना तिने बाबांच्या सदऱ्याची कॉलर दोनदा सारखी केली.

दवाखान्याच्या बाकावर आमच्या शेजारी खाप्याच्या एक यमुताई बसल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याची पट्टी नुकतीच झाली होती. तो कापसाचा बोळा त्यांनी पदराच्या गाठीत बांधला होता आणि विचारेल त्याला, न विचारेल त्यालाही, गाठ सोडून दाखवत होत्या. बाबांनी तो नीट बघितला. "हाच काय तो?" मग मला कोपराने ढोसून म्हणाले, "पुष्पे, पाय बरं, तुया आत्याचा परसाद." हसले, पण नजर त्या गाठीवरच होती.

आत्याने त्यांना नाव घेऊन आत बोलावलं, इतर पेशंटांना बोलवायची तसंच. दार लागलं. थोड्या वेळाने कूलर बंद झाला.

आत काय झालं ते आत्याने नंतर सांगितलं, म्हणून मला माहीत आहे. खूण बरोबर उमटली, पट्टी खोटी असण्याची सोय राहिली नाही. काटा जसजसा पुढे गेला तसतशी वाईट पट्टी उमटत गेली. अशा पट्ट्या तिने इतक्या बघितल्या होत्या की पुढे काय होणार ते तिला कोणी सांगायला नको होतं. पेशंटजवळ थांबणारा वॉर्डातला मदतनीस जेवायला गेलेला. डॉक्टर वरच्या मजल्यावर. तिने कापूस उचलला, आणि बाबांची नजर तिच्या चेहऱ्यावर नाही, कापसावर होती. नत्थूजींचीही तिथेच होती. तिने डोळे मिटले आणि कापूस बाबांच्या हातात ठेवला.

"दादा, पडून राय. हालू नको बरं. मी डाक्टरले घेऊन येतो." आणि ती मागच्या दाराने जिन्याकडे धावली.

मी समोरच्या दाराशी बसले होते. दार उघडलं आणि बाबा सदऱ्याची बटणं लावत बाहेर आले. मुठीत कापूस. लहान मुलाने जत्रेतून काही पटकावून आणावं तसा त्यांचा चेहरा होता.

"पाय! हाती देल्ला!"

यमुताई टाळी वाजवून हसल्या. मी उठून बाबांचा हात धरला. आत्या कुठे म्हणून विचारलं.

"गेली डाक्टरकडे कागद घेऊन. पडून राय म्हने. आता चांगल्या मानसानं कायले पडून राहाव? सांजच्याले लाइन येते, मोटर कोन चालू करीन? झाडं वाळून राहिले तिकडं."

"तिला सांगून तरी जाऊ, बाबा."

"ते डाक्टरच्या मांगं हिंडून राहिली. सांगजो मंग कवाही. चाल, बस सुटते."

मी त्यांना थांबवायला पाहिजे होतं असं म्हणणारे आहेत. म्हणोत बापडे. ज्या कापसावर अख्खा मुलूख विश्वास ठेवत होता त्यावर मीही ठेवला, आणि तो विश्वास आत्यानेच बारा वर्षं खपून कमावलेला होता. आम्ही व्हरांड्यातून निघालो तेव्हा कूलर अजून बंदच होता. हे माझ्या लक्षात आलं ते बसमध्ये बसल्यावर. आलं आणि गेलं. विसरली असेल आत्या, असं वाटलं.

आत्या डॉक्टरांना घेऊन खोलीत आली तेव्हा टेबल रिकामं होतं. तारा लोंबत होत्या. ती अनवाणीच स्टँडपर्यंत धावली म्हणतात. काटोलची बस गेलेली होती.

बाबा खिडकीशी बसले होते. बाहेर धगीने रान पांढरं पडलं होतं. कळमेश्वरपर्यंत ते बोलत होते: यंदा संत्र्याचा आंबिया बहार चांगला आहे, मालक पाण्याला कंजूषपणा करतो, आत्याला आता नागपुरात स्वतःची खोली घ्यायला सांगायला पाहिजे. कळमेश्वर गेलं. मग त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. दमले, झोपले, असं म्हणून मी खांदा तसाच ठेवला, ऊन लागू नये म्हणून पदर त्यांच्या तोंडावर ओढला. पुढे एक कडुलिंब आहे आणि त्यापलीकडे रस्ता वळतो. तिथे बस खड्ड्यात आदळली आणि बाबांच्या मुठीतून कापसाचा बोळा माझ्या मांडीवर पडला. मी हाक मारली. सगळी बस वळून बघायला लागली तरी मी हाका मारत होते.

आत्या त्याच संध्याकाळी आली. वाड्यावस्तीची माणसं अंगणात बसलेली, आई भिंतीला टेकून. आत्याने कोणाला धरून रडणं केलं नाही. सगळ्यांदेखत उभी राहून म्हणाली, "पट्टी वाईट होती. म्या देल्ला त्याच्या हाती कापूस. भेऊ नये म्हून देल्ला."

मी तिच्या अंगावर धावून गेले. "तोंडानं खोटं बोलली असती तं चाललं असतं वं आत्या! तुया तोंडावर कोन भरोसा ठेवते? हातानं काहून बोलली?"

आई मला ओढून आत घेऊन गेली. आत्या तशीच उभी होती. मातीला आली, उभी राहिली, गेली. त्यानंतर मी तिच्याशी बोलणं टाकलं. नागपूरला गेले तरी तिच्या वस्तीवरून जायची नाही. बाबांना आजाराने नेलं हे मला कळत होतं, शिकलेली आहे मी. पण राग काय शिकलेला असतो का! मला वाटे, ते टेबलावर पडून राहिले असते तर निदान बहिणीच्या हाताखाली गेले असते, डॉक्टर हाताशी असते, कदाचित वाचलेही असते. त्या 'कदाचित'ने मला फार छळलं.

तिच्याबद्दल ऐकायला यायचं. आता ती सगळ्यांचंच स्वतः पुसते. पट्टी चांगली असो वाईट असो, कापूस कोणाच्याच हातात देत नाही. सुरुवातीला लोक हबकले, एकदोघे तर रडायलाच लागले. मग तीच आधी सांगायला लागली, "सगळ्याईचंच पुसतो मी. कापसाचं मनावर घेऊ नका." आणि पेशंटला एकटं सोडणं तिने बंद केलं. डॉक्टरांना बोलवायला दुसऱ्याला पिटाळायची, पण आपण टेबलाजवळून हलायची नाही.

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात माझ्या छातीत दुखायला लागलं. गावच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढायला सांगितला. तो काटोललाही निघाला असता. मी नागपूरला, आत्याकडेच गेले. सरळ सांगते, तिला घाबरवायला गेले. रुपरावच्या पोरीची पट्टी काढताना तुझा हात कसा कापतो ते मला बघायचंय, असं मनात म्हणत मी त्या बाकावर बसले.

आत्या वयाआधीच म्हातारी झाली होती. तिने माझं नाव पुकारलं आणि मी उठले तेव्हा तिच्या हातातली चिठ्ठी खाली पडली. ती उचलून तिने दार उघडून धरलं. मी टेबलावर पडल्यावर तिने माझ्या बांगड्या वर सारल्या, चिंधी बांधली, पोत मागे सोडली. कूलर बंद केला. व्हरांड्यातली कुजबुज थांबलेली मला आतून ऐकू आली. ही शांतता आतून अशी असते, बाबांनी ही ऐकली असेल, असं मनात आलं आणि मी तिला घाबरवायला आले होते ते विसरले. मलाच भीती वाटायला लागली. काटा कागदावर सरकत होता. तिचा हात अजिबात कापत नव्हता.

पट्टी झाली. तिने कापूस घेऊन माझी छाती पुसली, हळू, बाळाला पुसतात तशी.

"आत्या, कशी हाय पट्टी?"

"डाक्टर सांगतीन."

"मी रुपरावची पोरगी हाव."

"माईत हाय मले." तिने माझ्या पदराचं टोक स्वतःच्या मुठीत गुंडाळलं आणि मदतनिसाला वर पिटाळलं. डॉक्टर यायला वेळ लागला. तितका वेळ ती माझ्याशेजारी उभी होती, मुठीत पदर, आणि माझ्या गळ्याजवळच्या शिरेकडे बघत होती.

नवे तरुण डॉक्टर आले, पट्टी खिडकीशी धरून पाहिली. "काही नाही हो. पित्त आहे. तिखट कमी करा आणि घरी जा." मग आत्याकडे बघून हसले. "बाई, तुम्हाला तर दिसलंच असेल. सोडा आता त्यांना."

आत्याने पदर सोडला नाही. म्हणाली, "सायेब, मले आज सुट्टी पायजे."

स्टँडपर्यंत ती माझ्यासोबत आली. मी बसमध्ये चढले तर मागून चढली. "आत्या, अवं, बरी हाव मी. ऐकलं ना तू डाक्टर काय म्हनला ते?"

"ऐकलं."

"मंग सोड ना."

"सरक इकडं," ती म्हणाली आणि माझ्या शेजारी बसली. मला खिडकीशी बसू दिलं नाही, स्वतः खिडकीशी बसली. मी रस्ताभर रडत होते, सात वर्षांचं एकदम. तिने ते पुसलंही नाही. तिचा एक हात माझ्या पदरात अडकलेला आणि दुसऱ्याने समोरचा दांडा धरलेला.

कळमेश्वर आलं. माणसं उतरली, चढली. बस पुन्हा सुटली तेव्हा आत्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. "कुठं गेला वं तो?"

सात वर्षांत तिने हे कोणालाच विचारलं नव्हतं. मी बोटाने दाखवलं. "थो कडुलिंब दिसते ना, त्याच्या पुढच्या वळनावर."

ती कडुलिंबाकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. मुठीतला पदर तिने इतका आवळला की माझा खांदा खाली ओढला गेला. कडुलिंब गेला. बस वळली, खड्ड्यात आदळली. मी मोठ्याने श्वास घेतला, तिला ऐकू जावा म्हणून. आणखी एक घेतला. वळण मागे पडलं, सरळ रस्ता लागला, आणि मग आत्याने माझा पदर सोडला.